फ्यूजच्या जागी बल्ब

आमचे घर बारामतीच्या बाहेर, इंदापूरच्या रस्त्याला होते. परसात बैलांचा गोठा होता. सासरे वारल्यावर जमीन चुलत सासऱ्यांनी वाट्याने कसायला घेतली, बैल गेले आणि गोठ्यात मोटार आली. घरात माणसे तीनच. सासूबाई, त्यांचा मुलगा आणि मी. नवऱ्याला मी मालक म्हणत असे, आणि मोटारीचेही मालक तेच होते.

गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात महिन्यातले चार दिवस मी बाजूला बसत असे. बैल होते तेव्हाही तिथेच. मोटार आली तेव्हा वाटले की आता माझी जागा बदलेल, पण बदलली नाही. सासूबाईंनी मधल्या मेढीच्या खांबापासून भिंतीपर्यंत गोणपाटाचा पडदा लावला. पडद्याच्या आत मी, बाहेर मोटार. मोटारीची खंडेनवमीला पूजा होते, म्हणून त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही, एवढे त्यांनी सांगितले. विटाळाच्या बाबतीत त्या कडक होत्या. बाकी त्या कमी बोलत आणि मी त्यांच्याहून कमी बोलत असे.

मला ती जागा वाईट वाटत नसे. चार दिवस चूल नाही, दळण नाही, पाणी नाही. सासूबाई दाराशी येऊन भाकरी वरून टाकत आणि पाणी ओंजळीत ओतत. चौथीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे किराणाच्या पुड्यांचे कागद मी जपून ठेवत असे आणि तिथे बसून वाचत असे. एकाच कागदाचे अर्धे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलेले आहे.

मोटार जुनी होती. पुण्याच्या एका वकिलाने वापरून टाकलेली, कापडी टपाची. पुढे दोन मोठे दिवे, मागे एक लहान तांबडा. बारामतीच्या स्टेशनात छोटी आगगाडी आली की तिच्यातली माणसे घेऊन मालक निमगाव केतकीवरून इंदापूरला जात आणि दिवस मावळता परत येत. जाताना शहरातून आलेले लोक, येताना निमगावच्या पानांचे करंडे घेतलेल्या बाया, पळसदेवाकडून आलेले कुणी. पाच जणांच्या मोटारीत नऊ जण बसत. दोघे फुटबोर्डवर उभे राहत.

मी त्या मोटारीत कधी बसले नव्हते. घरच्या बाईने बसायचे नाही असे कुणी ठरवलेले नव्हते. कुणी बस म्हटले नाही आणि मी विचारले नाही.

मागची सीट मात्र माझ्या हातची होती. त्या पावसाळ्यात तिचे कातडे फाटून आतला काथ्या बाहेर आला, तेव्हा मालकांनी ती उचलून ओट्यावर आणून टाकली. मी काथ्या पिंजून पुन्हा भरला, कातडे दाभणाने शिवले. खालच्या बाजूला एक स्प्रिंग मोडलेली होती, तिचे टोक काट्यासारखे खाली आले होते. मी ते दगडाने ठोकून आत वळवले, त्यावर चिंधी गुंडाळली आणि वरून गोणपाट शिवून टाकले. सीट न्यायला आले तेव्हा मालकांनी विचारले, बसायला कशी झालीय? मी म्हटले, बसून बघितलं न्हाय. ते हसले आणि सीट डोक्यावर घेऊन गेले.

दसरा झाल्यावर दिवे जाऊ लागले.

इंदापूरहून परत येताना अंधार पडू लागला की मालक दिवे लावत. दोन-चार मैल गेले की तिन्ही दिवे एकदम विझत. मालक हळूहळू, पुढे फुटबोर्डवरच्या माणसाच्या हातात कंदील देऊन, मोटार घरी आणत. घरी आल्यावर पाहिले तर फ्यूज जळालेला. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि तिच्यात केसासारखी तार. दिव्यांना जाणारी सगळी वीज आधी तिच्यातून जाते. मालक नवा फ्यूज घालत. दिवे लागत आणि लागलेलेच राहत. गोठ्यात तासभर ठेवले तरी राहत. दुसऱ्या दिवशी वाटेत पुन्हा विझत.

फ्यूज पुण्याहून येत. मालकांच्या डबीत होते ते संपले. तेव्हा एका उतारूच्या सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घेऊन त्यांनी जळक्या फ्यूजवर गुंडाळला. कुणीतरी ड्रायव्हरने त्यांना ही युक्ती सांगितली होती. त्या दिवशी दिवे विझले नाहीत. पण निमगाव सोडल्यावर पुढच्या, बटणांच्या फळीखालून धूर येऊ लागला आणि रबर जळाल्याचा वास सुटला. माणसे चालत्या मोटारीतून उड्या टाकू लागली. एक पानवाली बाई करंडा डोक्यावर घेऊन उतरली आणि म्हणाली, “दादा, आमाला बारामतीला जायचंय, वर न्हाय.” हे मालकांनीच घरी सांगितले. सांगताना ते हसले नाहीत.

मग त्यांनी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री वयस्कर होते, अंगाने काटकुळे. पूर्वी कालव्याच्या साहेबाच्या मोटारीवर होते, आता स्टेशनजवळ सायकली आणि कधी मोटारी दुरुस्त करत. त्यांनी चांदीचा कागद चिमटीत धरून उजेडात पाहिला.

“फ्यूजला बाशिंग तुमी बांदलं व्हय?” ते मालकांना म्हणाले. “नवरदेव मांडव पेटवायला निगाला हुता की.”

मिस्त्री पुढे म्हणाले की फ्यूज जळतो तो तारा जळू नयेत म्हणून जळतो. त्याला मरू दिले नाही तर मग मोटार मरते. रोग दुसरीकडे आहे, तो शोधला पाहिजे.

घाई होती, कारण तपासणी जवळ आली होती. वर्षातून एकदा पुण्याहून साहेब येई आणि मामलेदार कचेरीपुढच्या पटांगणात भाड्याच्या मोटारी उभ्या करून पाही. दिवे, हॉर्न, ब्रेक. माणसे बसवून एक फेरीही मारी. पास झाली नाही ती मोटार रस्त्यावर आणायची नाही. आदल्या वर्षी एका मोटारीचा हॉर्न वाजला नाही तर तिचा मालक पुढचे सहा महिने पुण्याला खेटे घालत होता. यंदा इंदापूरच्या रस्त्यावर आणखी एक नवी मोटार आली होती. आमची बंद पडली की उतारू तिच्यात बसणार, हे सगळ्यांना दिसत होते.

तपासणीच्या चार दिवस आधी मालक जेवत होते. मी भाकरी वाढत होते. मुंबईला मालकांचा मामेभाऊ एका शेठची मोटार चालवत असे. त्या शेठकडे आणखी एक ड्रायव्हर पाहिजे होता आणि तसे पत्र आले होते.

“पास झाली न्हाय तर इकून टाकतो,” मालक सासूबाईंना म्हणाले. “मुंबईला जातो.”

“आन् ही?”

“ही हाय की तुज्यापाशी. तितं एका खोलीत आठ गडी ऱ्हात्यात.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. लग्नाला सहा वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. वर्षातून एकदा दिवाळीला येणारा नवरा कसा असतो ते मी पाहिले होते. वडगावला माझ्या मावशीच्या घरी तसेच होते. मावशी दर पत्र मला वाचायला लावी. त्यात सगळ्यांची खुशाली विचारलेली असे, तिची सोडून. मी दुसरी भाकरी आणायला चुलीकडे गेले.

तपासणीला दोन दिवस राहिले तेव्हा मिस्त्रींनी पुढची फळी उघडली. धूर तिथून आला होता, म्हणून रोगही तिथेच असणार असे दोघांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी मी बाजूला बसले. त्यामुळे मिस्त्री सकाळी आले तेव्हा मी पडद्याच्या आत होते. आत बाई आहे हे त्यांना ठाऊक होते. आल्याबरोबर त्यांनी खाकरून पाठ फिरवली आणि मग दिवसभर तिकडे पाहिले नाही. पण बोलणे सगळे ऐकू येत होते, आणि गोणपाटाची वीण विरळ होती.

ते मालकांना समजावून सांगत होते. बॅटरीचे एक टोक मोटारीच्या लोखंडाला बांधलेले असते. वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते आणि लोखंडातून माघारी येते. म्हणून दिव्याला दोन तारा लागत नाहीत, एकच पुरते. पण तारेवरचे रबर आणि सुती कापड कुठे झिजले आणि आतले तांबे लोखंडाला टेकले, तर वीज दिव्यापर्यंत जातच नाही. जवळच्या वाटेने लगेच माघारी फिरते. एकदम जोरात फिरते, म्हणून फ्यूज जळतो.

मला हे सगळे समजले. शाळेत गणित समजे तसे समजले, म्हणजे मास्तर दुसऱ्याला सांगत असताना.

मग त्यांनी एक गोष्ट केली. तिन्ही दिव्यांतले बल्ब काढून बाजूला ठेवले. दिव्यांचे बटण चालू केले. आणि फ्यूजच्या जागी, दोन तुकडे तार लावून, एक बल्ब टांगला.

“आता इजेला जायाला वाटच न्हाय,” ते म्हणाले. “दिवंच न्हाईत. मंजी ह्यो बल्ब पेटाया नगं. पेटला तर समजायचं, चोरवाटनं चाललीय. मग एकेक तार हलवायची. जिथं हात लावल्यावर इझंल, तिथं चोर.”

बल्ब पेटला नाही. त्यांनी फळीखालच्या तारा एकेक हलवल्या. बटण ठोकले. मालकांनी हँडल मारून इंजिन चालू केले, मोटार थरथरली, गोठ्यात धूर झाला. बल्ब पेटला नाही. दोघांनी मोटार दोन बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली. कौलांतून धूळ पडली. मोटारीच्या खाली शिरून मिस्त्रींनी मागच्या दिव्यापर्यंत जेवढी तार दिसत होती तेवढी पाहिली. तिच्यावरचे कापड शाबूत होते. मध्ये एक हातभर तार तळाच्या फळ्यांच्या वरून, मोटारीच्या आतून जात होती. तिच्यापर्यंत खालून हात पोचत नव्हता. पण धूर पुढे आला होता, म्हणून तिचा विचार कुणी केला नाही.

“लई गरीब मोटार हाय,” मिस्त्री म्हणाले. “घरात कायबी करीत न्हाय. भाईर गेली की दंगा.”

दुपारी गाडीची वेळ झाली. मिस्त्रींना स्टेशनवर कुणाची तरी सायकल द्यायची होती. ते गेले. मालक घरात जेवायला गेले. जाताना त्यांनी गोठ्याचे दार ओढून घेतले. बल्ब तसाच लोंबत होता, बटण चालू होते. जळत नसल्यामुळे ते बंद करायचे कुणाच्या लक्षात आले नाही.

दार लावल्यावर आत अंधारल्यासारखे झाले. एका कौलाच्या फटीतून उन्हाची पट्टी मोटारीच्या टपावर पडली होती. मी पुडीचा कागद हातात घेतला होता, पण वाचत नव्हते. घरी विझत नाहीत आणि वाटेत विझतात, हेच डोक्यात होते. वाटेत काय असते जे घरी नसते? धक्के असतात. ते यांनी देऊन पाहिले. इंजिन चालू असते. तेही पाहिले. वाटेत आणखी काय असते? माणसे असतात.

मोटार रिकामी तपासली जात होती. तिच्यात बसून कुणी पाहिले नव्हते. आणि मग मला ते मोडलेले स्प्रिंगचे टोक आठवले.

मी उठले. पडद्यापाशी थांबले. थांबण्याचे कारण मालक नव्हते, मिस्त्री नव्हते. मोटारीच्या पुढच्या नाकाडावर खंडेनवमीचे हळदकुंकू अजून होते, झेंडूची माळ सुकून तिथेच लोंबत होती. विटाळात देवाला हात लावल्यावर काय होते हे मला लहानपणापासून सांगितलेले होते, पण प्रत्येकीने निराळे सांगितले होते. माझी आई म्हणे हात झडतो. सासूबाई म्हणत घराला लागते. घराला आता काय लागायचे राहिले आहे, असे काहीतरी मनात आले असावे. नक्की आठवत नाही. मी मागचे दार उघडले.

आधी जवळच्या टोकाला, म्हणजे उजवीकडे बसले. बल्ब तसाच राहिला. मग सरकत डावीकडच्या टोकाला गेले. पुढच्या सीटच्या पलीकडे एकदम पिवळा उजेड पडला. फळीखाली बल्ब पेटला होता.

मी अंग उचलले. विझला. बसले. पेटला. असे तीनदा केले. चौथ्यांदा बसले ती जरा वेळ बसूनच राहिले. समोरच्या काचेतून गोठ्याचे दार दिसत होते. काचेच्या चौकटीमुळे ते दार फार लांब असल्यासारखे वाटत होते.

परत पडद्याच्या आत येऊन बसले. माझ्या लुगड्याला जुन्या कातड्याचा वास लागला होता.

आता सांगायचे कसे, हा प्रश्न होता. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. माझी अंघोळ तिच्यानंतर दोन दिवसांनी. तोवर मालकांशी बोलायचे ते सासूबाईंच्या मार्फत, आणि तेही पाणी हवे, पांघरूण हवे एवढेच. शिवाय मिस्त्रींच्या समोर, परक्या पुरुषासमोर, मी आजवर एक शब्द बोलले नव्हते. लहानपणी शाळेत उत्तर येत असले तरी हात वर करत नसे. पण उपाय सुचला होता. मी बसले होते हे सांगायची गरज नव्हती. सीटवर माणूस बसवून बघा, एवढे म्हटले की झाले. तेवढेच वाक्य मी मनात घोकत राहिले.

मिस्त्री परत आले, मालकही आले. मिस्त्री म्हणाले की आता एकच राहिले. जुन्या तारा सगळ्या काढून टाकायच्या आणि नव्या ओढायच्या. तार पुण्याहून मागवावी लागेल. आठ दिवस धरा.

मालक फुटबोर्डवर बसले. तिथूनच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मग. उद्या न्हेतच न्हाय. इकायची तर हाय.”

मिस्त्री हत्यारे गोळा करू लागले. पान्हे पिशवीत पडल्याचा आवाज आला. त्यांनी बल्बाला हात घातला तेव्हा मी बोलले.

“मागच्या सीटवर माणूस बसवून बघा.”

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. मग मिस्त्रींनी मालकांना हळूच विचारले की घरातून बोलल्या का. मालक हो म्हणाले. मालकांनी माझा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा.

“बगू की,” मिस्त्री म्हणाले. “माणूस बसवायला काय जातंय.” आणि ते स्वतः मागे जाऊन बसले. दार उजवीकडचे उघडे होते, तिथेच टेकले. माझ्या वाटेने गेले असते तर बरे झाले असते, पण ते तिथेच बसून राहिले. बल्ब पेटला नाही. त्यांनी अंग हलवले. नाही पेटला.

“उगं कायतरी,” मालक म्हणाले.

मिस्त्री उतरू लागले. त्यांचा एक पाय जमिनीवर होता. घोकलेले वाक्य संपले होते.

“तितं न्हाय,” मी म्हटले. “डाव्या अंगाला. मी बसले तवा पेटला.”

बोलून झाल्यावर मला दाराकडचा उजेड अडलेला दिसला. सासूबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या हे कळायला मार्ग नव्हता, पण शेवटचे तरी ऐकले होते.

“तू बसलीस?” त्या म्हणाल्या.

“व्हय.”

“आज?”

“व्हय.”

मिस्त्रींना घोटाळा लगेच समजला. ते वयाने मोठे, चार घरे पाहिलेले. ते डावीकडे सरकले. बल्ब पेटला. ते उठले, बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. पडद्याच्या विणीतून मला तो उजेड जातायेताना दिसत होता. मालक फुटबोर्डवरून उठले.

सीट बाहेर काढली. मी टोकाला जी चिंधी बांधली होती ती सरकली होती. टोक गोणपाटातून बाहेर आले होते आणि बरोबर खालून, फळ्यांवरून मागच्या तांबड्या दिव्याची तार जात होती. माणूस बसला की टोक तारेत घुसे. तारेवरचे कापड तिथे करवतीने खावे तसे खाल्लेले होते आणि आतले तांबे चकचकीत दिसत होते. हे मला मिस्त्रींच्या बोलण्यावरून समजले. मी पाहू शकत नव्हते. पुढे धूर का आला, तर पुढे सगळ्या तारा एका जागी आवळून बांधलेल्या होत्या, त्या तिथे तापल्या. तारांचा दोष तिथे काहीच नव्हता.

“शिवण चांगली हाय,” मिस्त्री म्हणाले. “चिंधी तेवढी सरकली.”

त्यांनी तारेवर काळी पट्टी गुंडाळली, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि तार कडेने नेऊन खिळ्याने धरली. स्प्रिंगचे टोक कानशीने घासून बोथट केले, पक्कडीने आत वळवले. आता सीटचे गोणपाट पुन्हा शिवायचे राहिले होते, आणि शिवणारी मी होते.

सासूबाईंनी कपबशी खाली ठेवली, दाभण आणि सुतळी आणली आणि सीटपाशी बसल्या. त्यांना शिवणाचा कंटाळा होता. लग्न झाल्यापासून घरातले सगळे शिवण माझ्याकडे होते. टाका पहिल्यांदा उसवला. मग त्या पडद्याकडे न पाहता म्हणाल्या, “कुठनं धरू?” मी सांगितले. पुढे मी सांगत गेले आणि त्या घालत गेल्या. दुहेरी चिंधी, तिच्यावर रबर, मग टाका आडवा. तेवढ्या वेळात आम्ही दोघी जेवढे बोललो तेवढे एका वर्षात बोललो नसू.

सीट बसवली, बल्ब पुन्हा जागी लावले, मिस्त्रींनी आपल्या पिशवीतला एक फ्यूज घातला आणि दिवे लागले. मालक आणि मिस्त्री दोघेही मागे शेजारी शेजारी बसले, मांडीवर ज्वारीची दोन अर्धी पोती घेतली. दिवे लागलेलेच राहिले.

मग सासूबाईंनी घागर उचलली. मोटार धुवायची होती. विटाळ झालेल्या मोटारीवरून पाणी गेल्याशिवाय ती उद्या दाराबाहेर काढायची नाही, असे त्या म्हणाल्या. मिस्त्री मध्ये आडवे झाले.

“काकी, वरनं पानी वताल तर तारांत शिरंल. मग उद्या सायबाम्होरं तुमीच बसा हातात कंदील घिऊन.”

सासूबाईंनी घागर खाली ठेवली. शेवटी वाटीत गोमूत्र घेऊन तुळशीच्या पानाने चार थेंब पुढे, चार मागच्या सीटवर टाकले. सीटवर टाकताना पाचवा जास्त टाकला. एवढ्यावर भागले.

दिवेलागणीला त्या भाकरी घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे वरून टाकली, पाणी ओतले. मला वाटले आता बोलतील. मी मान खाली घालून बसले होते. त्या जायला वळल्या आणि दारात थांबल्या.

“बसायला कशी हाय?” त्यांनी विचारले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांनाही कुणी कधी त्या मोटारीत बसवले नव्हते.

“मऊ हाय,” मी म्हटले.

त्यांनी मान हलवली आणि दार ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी मोटार पास झाली. मी गोठ्यातच होते. मोटार नसल्यामुळे तो मोठा दिसत होता. दुपारी रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. मालक एकदा वाजवत, त्या दिवशी दोनदा वाजवला. मुंबईच्या पत्राला उत्तर लिहायचे होते, ते त्यांनी माझ्या अंघोळीपर्यंत थांबवून ठेवले आणि मला लिहायला लावले. त्यांचे अक्षर वाईट नव्हते. येणे होत नाही, मोटार चालू आहे, एवढाच मजकूर होता. मी खाली सगळ्यांची खुशाली विचारली.

पुढच्या महिन्यात सासूबाईंनी माझी जागा बदलली. स्वयंपाकघराच्या मागे, सरपणाच्या आडोशाला. गोणपाटाचा पडदा काढून त्यांनी त्याची पायपुसणी केली. नव्या जागेत उजेड जास्त होता, कागद वाचायला बरे होते. पण तिथून काही ऐकू येत नसे.

मोटार आमच्याकडे पुढे पुष्कळ वर्षे होती. मिस्त्रींची युक्ती मालक शिकले होते. फ्यूज जळाला किंवा तपासणी जवळ आली की ते बल्ब काढत, फ्यूजच्या जागी एक टांगत आणि परसातून हाक मारत, “जरा बस गं.” बाजूला नसले तर मी जाऊन बसत असे. आधी उजवीकडे, मग मध्ये, मग डावीकडे. पेटला का, असे मी विचारी. न्हाय, असे ते म्हणत. मग मी उतरून पुन्हा कामाला लागे.

अशी मी त्या मोटारीत कितीतरी वेळा बसले. ती चालू असताना एकदाही नाही. इंदापूर मी नंतर पाहिले, एस.टी.तून.